खंडेनवमीच्या पूजेतली डिस्क

दर रविवारी सकाळी मुलुंडच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये देवव्रत लोकांना लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, शिकवायचा, आणि हल्ली त्याला या कामाचा अगदी वीट आला होता. सुरुवातीला हौस दांडगी होती. भंगारात निघालेला लॅपटॉप पुन्हा उभा राहतो, घरातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या मशीनवर आपले फोटो, आपली गाणी आपल्याच ताब्यात राहतात, हे तो असं रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला उद्याच जुना लॅपटॉप माळ्यावरून काढावासा वाटे. पण माणसं बदलत राहिली आणि प्रश्न तेच राहिले. प्रिंटर का चालत नाही? स्टार्टचं बटण कुठे गेलं? पासवर्ड टाकताना पडद्यावर काही उमटत नाही, म्हणजे कीबोर्ड गेला का? आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात दुसऱ्यांची मशीनं सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी फुकटात तेच करायचं, याला त्याची बायको रेवती 'हौसेची हमाली' म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्याने शिकवणं सोडलं नाही, पण कारणं सांगणं सोडलं. हे दाबा, ते दाबू नका, एवढं लक्षात ठेवा, झालं. लोक 'हो हो' म्हणत माना डोलवायचे आणि देवव्रतची दुपार वाचायची.

त्याच्या या लोकांत उत्तराबाई होत्या. मुलुंड पूर्वेला त्यांनी उभा जन्म गाणं शिकवण्यात घालवला होता. गळ्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं, त्यात आवाजाची नस दुखावली आणि बाईंचा आवाज गेला. बोलता यायचं, पण घोगरं, कुजबुजल्यासारखं. गाणं संपलंच. उरल्या होत्या त्या जुन्या कॅसेटी, त्यांनाही बुरशी धरायला लागलेली. देवव्रतने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या आणि कॅसेटी भंगारात गेल्या. बाईंचा भाचा म्हणत होता, आजकाल कंपन्या ठेवतात की सगळं सांभाळून, त्यांच्याकडे टाक. बाई म्हणाल्या, "माझा गळा मी परक्याच्या घरी ठेवणार नाही."

म्हणून त्या वाचनालयात येत राहिल्या आणि शिकल्या. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं, त्याला एक डिस्क जोडली, आणि बैठकीतल्या कपाटावर बाईंचा घरचा सर्व्हर सुरू झाला. त्या त्याला 'डबा' म्हणत. सकाळी चहा घेताना फोनवरून डब्यातला आपलाच भूप लावून डोळे मिटून बसत. सगळ्याची नक्कल असलेली दुसरी डिस्क देवव्रतने त्यांच्या शिष्येकडे, कांजूरमार्गला राहणाऱ्या शीतलकडे ठेवायला लावली होती. त्या दिवशी बाईंनी विचारलंही होतं, "ही तिकडे कशाला रे?" त्याआधी वर्गातल्या चौघांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. तो म्हणाला, "बाई, ती शीतलकडेच राहू दे. एवढं लक्षात ठेवा." बाईंनी लक्षात ठेवलं. पण सणाच्या दिवशी पाहुण्याला घरी बोलावतातच, तसं त्या डिस्कलाही एक दिवस आणायला काय हरकत, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात त्यांचं काय चुकलं?

दसऱ्याच्या सकाळी फोन आला.

"देवव्रत, डबा उठत नाहीये रे."

"वायर नीट बसलीय का बघा," तो झोपेतच म्हणाला. "बंद करून चालू करा."

"केलं सगळं. तू येतोस का?"

तो चडफडतच गेला. बैठकीत चौरंग मांडलेला होता. आदल्या दिवशीची खंडेनवमीची पूजा अजून तशीच होती. दोन तानपुरे, हार्मोनियम, तबल्याची जोडी, आणि मधोमध लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, अक्षता. गायकाच्या घरात त्या दिवशी वाद्याला हात लावत नाहीत, त्याला विश्रांती देतात आणि पूजा करतात. बाईंनी डब्यालाही विश्रांती दिली होती, म्हणजे सरळ प्लग उपटून. त्यांच्या लेखी आता तेच त्यांचं वाद्य होतं.

लॅपटॉपशेजारी तांदळाची परात होती. तांदळात दोन डिस्क खोचलेल्या.

"दोन्ही?" देवव्रतने विचारलं.

"शीतल घेऊन आली होती तिच्याकडची. म्हटलं, वाद्यं सगळी एकत्र पुजावीत. एकटीलाच तिकडे का ठेवायचं?" बाई थांबल्या. "हार्मोनियम सरकवताना कलश कलंडला. सगळं पाणी यांच्यावर. पुसल्या, रात्रभर तांदळात ठेवल्या. फोन भिजला की तसंच करतात ना? सकाळी एकेक लावून पाहिली. दोन्ही टकटक वाजल्या आणि गप्प झाल्या."

देवव्रतच्या तोंडावर आलं होतं, की तुम्हाला सांगितलं होतं ना. त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. सांगितलं होतं म्हणजे काय सांगितलं होतं? शीतलकडे ठेवा. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला तरी दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून, हे चार शब्द त्याने सांगितले नव्हते. कंटाळा आला होता म्हणून. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"माझा आवाज गेला का रे?" बाईंनी विचारलं. घोगऱ्या गळ्यातून तो प्रश्न ऐकवत नव्हता.

"बघतो," तो म्हणाला. त्याने दोन्ही डिस्क तांदळातून काढून रुमालात गुंडाळल्या.

साकीनाक्याला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर किरण नावाचा माणूस मेलेल्या डिस्क उघडून आतलं काढायचा. खाली लेथ मशीनचा खडखडाट, वर हा भिंग लावून बसलेला. त्याने डिस्क पाहिल्या आणि नखाने सर्किटच्या हिरव्या पट्टीवरचा डाग खरवडला. "बॉस, ओली असताना करंट दिला ना? तिथेच वाट लागली. कुंकू पण गेलंय आत." मग देवव्रतचं तोंड बघून म्हणाला, "ठेवून जा. शब्द देत नाही."

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. एका डिस्कमधून काहीच निघालं नव्हतं. दुसरीतून एक फोल्डर तेवढा पूर्ण आला होता. मैफिलींचे सगळे गेले होते. आलेल्या फोल्डरचं नाव होतं 'वर्ग'.

देवव्रत पेनड्राइव्ह घेऊन बाईंकडे गेला. त्याने आत जाऊन आधीच सांगून टाकलं, म्हणजे आशा लावून ठेवायला नको. भूप नाही, मारवा नाही, पुण्याचा कार्यक्रम नाही. शिकवणीतलं काहीतरी आहे. बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या, कितीतरी वेळ.

"लाव," त्या शेवटी म्हणाल्या.

त्याने लावलं. आधी खोकला, कुणीतरी खिडकी लावल्याचा आवाज, तानपुरा. मग बाईंचा आवाज आला, भरलेला, स्वच्छ, सगळी खोली व्यापणारा. देवव्रतने तो इतकं लक्ष देऊन कधी ऐकलाच नव्हता. कॅसेटी उतरवताना तो फक्त मशीनचे काटे बघत बसायचा. बाईंनी एक ओळ म्हटली. पाठोपाठ एका मुलीने म्हटली, बेसूर. बाई म्हणाल्या, "नाही. ऐक." पुन्हा तीच ओळ. पुन्हा बेसूर. "नाही. ऐक."

"कुंदा," खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "गुणी पोर. पण तिला हा निषाद शेवटपर्यंत लागला नाही."

रेकॉर्डिंग चालूच राहिलं. तीच ओळ, तीच चूक. बाईंनी ती किती वेळा म्हटली असेल कोण जाणे. आणि दर वेळी अशी, की जणू आत्ताच सुचली आहे. देवव्रतला बसवेना.

"बाई, तुम्हाला कंटाळा नाही यायचा?"

"यायचा की. फार यायचा. घरी जाऊन झोपावंसं वाटायचं." त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. "इथे ऐकू येतोय का तुला?"

त्याने ऐकलं. नव्हता येत. कुठेच येत नव्हता. देवव्रतने मान खाली घातली आणि त्याचे डोळे भरून आले. ते त्याने पुसलेही नाहीत.

बाईंनी आवाज कमी केला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "मैफिली गेल्या. त्याचं मला वाईट वाटायचं ते आयुष्यभर वाटेल. पण हे राहिलंय, ते मला आता घालवायचं नाही. नव्या डिस्क आणू. पण आधी सांग, दोन डिस्क दोन घरी कशासाठी?"

देवव्रतने सांगितलं. घाईत सांगितलं, मधले दोन मुद्दे गाळून.

"नाही कळलं," बाई म्हणाल्या.

तो पाणी प्यायला, सावरून बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.