पसाभर कोदो

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा कुबट वास माझाच. मी एक जुनं कोतवाल बुक आहे, नाकाडोंगरीकडच्या एका खेड्याचं, १९२७ सालचं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ते जातीसकट माझ्यात लिहीत.

दादाजी कोतवालांना अक्षर येत नव्हतं. जन्म झाला की धोतराच्या एका सोग्यात ते धानाचा दाणा बांधायचे, कुणी गेलं की दुसऱ्या सोग्यात चिंचोका. आठवड्याने गुरुजींसमोर गाठी सोडून सगळं सांगायचे आणि गुरुजी माझ्यात उतरवायचे. त्या साली तापाची साथ होती. दाण्यांपेक्षा चिंचोकेच जास्त निघाले, बहुतेक पाळण्यातल्या लेकरांचे. माझा जीव तुटायचा.

तळ्यावर मासे धरणारा बुधराम ढिवर आणि त्याची बायको रेवताबाई यांची दोन लेकरं अशीच गेली. तिसरं झालं तेव्हा रेवताबाईने जुनी रीत केली. लेकरू जगावं म्हणून शेजारच्या पार्वताबाईला, कुणब्याच्या घरी, पसाभर कोदोचं भरड धान्य घेऊन ते विकलं आणि पाजायला लगेच परत आणलं. मग ती दादाजींना म्हणाली, "भाऊ, माह्या घरचं म्हनून लिहू नको. लिहलं त हाही जाईल."

दादाजी विरघळले. लेकरू पार्वताबाईच्या घरचं म्हणून माझ्यात नोंदलं गेलं. पण सरकारच्या बुकात खोटं कसं घालावं? म्हणून शेवटच्या रकान्यात त्यांनी बारीक अक्षरात एक शेरा लिहवून घेतला. लेकरू जगलं. गाव त्याला कोदू म्हणू लागलं.

पुढे तहसिलीच्या गठ्ठ्यात माझी पानं ओलीने चिकटली. मला रद्दीत काढायचंही घाटत होतं.

यंदा कोदूची पणती डिंपल आली. तिला भंडाऱ्याला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण शुक्रवारपर्यंत जातीचा जुना पुरावा हवा होता. बुधरामच्या नावावर दोन मृत्यू सापडले, पण कोदूचा जन्म नाही. कोदू त्याचाच, हे दाखवायचं कसं? पोरगी रडवेली झाली. उठता उठता तिने कारकून कामिनीबाईंना कोदूला पार्वताबाईला विकल्याची, घरातली कोदोची गोष्ट सांगितली.

कामिनीबाई थबकल्या. पार्वताबाईच्या घरचं पान काढून त्यांनी त्याची चिकटलेली कड बांबूच्या काडीने अर्धा तास सोडवली. अगं आई गं, काय दुखलं! पण शेरा उघडा पडला: 'लेकरू बुधराम ढिवराचे. आई भिते म्हणून दुसऱ्या घरी लिहिले.'

डिंपलने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आता भेऊ नको, बुढी माय," ती हळूच म्हणाली. "जगलं तुहं लेकरू."

मित्रांनो, पानं चिकटली म्हणून आम्हाला फेकू नका. हळूहळू सोडवा. रेवताबाईचं लेकरू मी जवळजवळ शंभर वर्षं जपलं, आता मला तुम्ही जपा.