कोंबडीच्या पावलांचे टायर

"संग कोनी पुरुष मानूस नाई आला काय?" दुकानदाराने दुर्गाबाईच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत विचारले.

अमरावतीतले हे सकाळपासूनचे दुसरे दुकान. पहिल्या दुकानातही तिला हेच विचारले होते. दुर्गाबाईने शांतपणे सांगितले की ड्रायव्हर गाडी लावून येतो आहे, पण टायर तिलाच घ्यायचे आहेत. दुकानदाराने मान डोलावली आणि देवमन येईपर्यंत कान कोरत बसला. देवमन आल्यावर त्याने टायर दाखवले ते देवमनला, भाव सांगितला तोही देवमनला. देवमन दर खेपेला म्हणायचा, "वयनीले इचारा," आणि दुकानदार दर खेपेला देवमनलाच उत्तर द्यायचा.

नवे टायर मागवता येत होते, पण पुढच्या तीन महिन्यांत मिळतील तर मिळतील, आणि तेही डांबरी सडकेवरचे, गुळगुळीत नक्षीचे. शिवाय त्या किमतीत एक म्हैस आली असती. जुन्यांतला एक जोड त्याने बाहेर काढला. झिजलेल्या रबरात सुरीने खोल रेघा कोरून नक्षी काढली होती. देवमनला तो बरा वाटला. दुर्गाबाईने एका रेघेत अंगठ्याचे नख घातले आणि रबर फाकवले. आत सूत दिसत होते. सारी हयात कापूस वेचलेल्या बाईला सूत ओळखायला चष्मा लागत नाही.

"हे तं फाटकं लुगडं हाय देवमन. वरून छापून काढलेलं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

गाडी होती लढाईच्या वेळची, लष्कराच्या डिस्पोजलमध्ये लिलावात निघालेली. पुढे दोघांना बसायची जागा आणि मागे लाकडी हौदा. खुशालरावांनी, म्हणजे दुर्गाबाईच्या मालकांनी, ती घेतली तेव्हा आपल्या हिश्श्याची चार एकर काळी विकली होती. त्यावरून थोरल्या भावाने, महादेवरावांनी, त्यांच्याशी बोलणे टाकले. जमीन विकून लोखंड घेणारा माणूस त्यांच्या लेखी येडाच. खुशालराव बारा वर्षे त्या लोखंडातून गावचे दूध अमरावतीला नेत राहिले. कावीळ होऊन ते गेले त्याला आता दोन वर्षे झाली होती. दुर्गाबाईने गाडी ठेवली, देवमनलाही ठेवले, आणि रोज सकाळी अकरा घरांच्या दुधाच्या कॅना भरून ती स्वतः पुढे बसून जाऊ लागली. महादेवरावांच्या घरचे दूध मात्र तिच्या गाडीत कधी चढले नाही. त्यांच्याकडे म्हशीच्या दुधाचे दही व्हायचे, ताक व्हायचे आणि उरलेले वासरांना जायचे.

त्या काळी दर्यापूरकडची ती खारपाणपट्ट्यातली काळी चिकट माती पावसाळ्यात काय करायची, हे ज्याने तुडवली त्यालाच कळेल. चालताना पायाला पाच पाच शेर माती लागायची. गावापासून सडक तीन मैलांवर, मध्ये एक नाला. गाडीचे मागचे टायर शेंगदाण्याच्या टरफलासारखे गुळगुळीत झाले होते. आषाढात गाडी दोनदा नाल्याच्या चढावर फसली. दोन्ही वेळेला दूध नासले आणि नाल्यात ओतावे लागले. पार्बताबाई नावाची म्हातारी, जिची एकच गाय होती, ती काठावर उभी राहून पांढरे पाणी वाहताना बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर दुर्गाबाईला बरे वाटले असते. अमरावतीच्या मिठाईवाल्यानेही निरोप दिला होता की आणखी एकदा खाडा झाला तर दूध दुसऱ्याचे घेईन.

तेव्हा महादेवरावांनी ओट्यावर चार माणसांसमोर सांगून टाकले की गाडी भंगारात घाला आणि बाईने घरात बसावे. ते भासरे, थोरले दीर. वऱ्हाडात तेव्हा बाई भासऱ्यांशी तोंडाने बोलत नसे, त्यांच्या हातात वस्तूही देत नसे. जे सांगायचे ते तिसऱ्याच्या तोंडून. दुर्गाबाईने पदर पुढे ओढून दाराआडून देवमनला म्हटले होते, "सांग त्यायले, म्या टायर बदलवून आनतो. नव्या टायरावर गाडी एकदा जरी फसली, तं चावी त्यायची."

शब्द गेला होता तो असा. आता टायरच मिळत नव्हते.

अमरावतीचा नाद सोडून दोघे अकोल्याला गेले. तिथे स्टेशनाकडच्या गल्लीत किसनराव नावाचा एक म्हातारा लष्करी मोडीतला माल विकायचा. तंबू, पाण्याचे डबे, बूट आणि टायर. दुकानात रबराचा असा वास की डोके उठावे. पण हा म्हातारा तिच्याशी बोलला. गाडी कोणत्या मातीत चालते विचारले, किती ओझे विचारले, आणि मागच्या अंधारातून एक जोड गडगडत आणला. त्यावर जाड जाड रबराच्या पट्ट्या होत्या, मधोमध जुळून दोन्हीकडे फाकलेल्या, कोंबडीचे पाऊल मातीत उमटावे तशा. दोन पट्ट्यांमध्ये चार बोटे जातील एवढी जागा.

"हे बाई चिखलाचेच हाय," किसनराव म्हणाले. "सडकेवर आवाज करन. पन चिखलात नेईन."

दुर्गाबाईने नख घालून पाहिले. सूत नव्हते. तिने टायर हुंगला, आतून हात फिरवला, ठिगळ सापडते का पाहिले. सापडले नाही. मग ती भाव करायला बसली, आणि भाव करण्यात तिचा हात धरणारे त्या बाजारात कोणी नव्हते. किसनराव दमले. शेवटी म्हणाले की टायरांवर मी माझ्या दुकानाचे नाव पांढऱ्या रंगाने रंगवले आहे. ते गावोगाव दिसले पाहिजे. दोन्ही चाकांना नाव बाहेरच्या अंगाला ठेवणार असाल तर जोडीमागे आठ रुपये आणखी सोडतो आणि बसवून देतो फुकट.

नाव टायरच्या एकाच अंगाला होते. दुर्गाबाईला त्यात काय जाते? "ठेवा ना नाव भाईर. आमाले कुठं वाचता येते," ती हसून म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली होती. समोरच्या पंक्चरवाल्याने दोन्ही चाके दोन्ही नावे बाहेर ठेवून चढवली. देवमनने नावांवरून फडके फिरवले. परतीच्या वाटेवर दुर्गाबाई ते वाचलेले आठ रुपये मनात पुन्हा पुन्हा हाताळत होती.

ऊन उतरायच्या आत ते नाल्यावर पोचले. पाणी घोट्याएवढेच होते. गाडी पाण्यातून सरळ निघाली, चढाला लागली, दहा हात गेली आणि थांबली. उजवे चाक जागच्या जागी गरगरू लागले. देवमनने मागेपुढे केले, तसे ते आणखी रुतले. दुर्गाबाई उतरली. मालकांच्या वेळीही गाडी नाल्यात फसली की ती घरून धावत यायची. मालक गाडीत, ती चिखलात. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडून तिने चाकाखाली घातल्या. चाकाने फांद्या चघळून मागे फेकल्या. काटा तळव्यात शिरला तो वेगळाच.

"म्हाताऱ्यानं फसवलं वयनी," देवमन म्हणाला. "बाईमानूस पाहून गळ्यात बांधलं."

हे ऐकून तिचा तोल गेला. अमरावतीचे दुकानदार गिळले, काटा गिळला, पण हे गिळवेना. "तू काय झोपला होता काय तवा? तुले तं ते सुरीनं कोरलेले पसंत होते."

तेवढ्यात बाजूच्या बांधावरून महादेवराव आपल्या शेतातून घराकडे निघालेले आले. हातात कासरा, पुढे बैलजोडी, जोडीच्या खांद्यावर जू. त्यांनी गाडी पाहिली. टायर पाहिले. कुचेष्टा केली नाही, हेच जास्त लागले.

"देवमन," ते म्हणाले, "सांग तिले, बैल लावतो. गाडी काढून देतो. अन् झालेला शब्द ध्यानात ठेवा म्हना."

दुर्गाबाई पदर ओढून गाडीमागे तोंड फिरवून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आले ते संतापाचे. टायर तिने निवडले होते, नख घालून, हुंगून, हात फिरवून. मग चुकले कुठे? ती खाली बघत होती आणि समोर दहा हातांवर नाल्याच्या काठापासून उमटत आलेल्या दोन चाकोऱ्या होत्या. तिने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले.

डाव्या चाकोरीत कोंबडी गावाकडे चालत गेली होती. उजव्या चाकोरीत अकोल्याकडे.

ती वाकली. डाव्या चाकाच्या पट्ट्यांमधली जागा मोकळी होती, माती दोन्ही अंगांना फेकलेली. उजव्या चाकाच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. मातीने भरून चाक लिंपलेल्या रांजणासारखे झाले होते. लहानपणी बापाच्या डवऱ्यामागून, म्हणजे कोळप्यामागून, चालताना त्याच्या फासेला, लोखंडी पात्याला, अडकलेली माती काढायचे काम तिचे असायचे. एकदा भावाने फास उलटी ठोकली होती. त्या दिवशी डवरा दर दोन पावलांवर माती गोळा करून बसला होता आणि बाप म्हणाला होता की लोखंड तेच, पण तोंड फिरलं.

नाव एकाच अंगाला. दोन्ही चाकांना नाव बाहेर. म्हणजे एका टायरचे तोंड मागे.

आठ रुपये!

"देवमन," ती म्हणाली, "उजवा टायर उलटा बसला हाय. उतरव. पलटवून घाल. नाव आत गेलं तं जाऊ दे."

देवमन चाकोऱ्यांकडे बघत राहिला. मग त्याने सीटखालून जॅक, टायर सोडवायची पहार म्हणजे टॉमी, आणि हवेचा पंप काढला. जॅक चिखलात बुडत होता. हौद्याची एक फळी काढून खाली घातली. चाक उतरले. रिंगेवरून टायर सोडवताना देवमनच्या बोटांची साले निघाली, टॉमी दोनदा सटकली, ट्यूब दोनदा अडकली. दुर्गाबाई पदर खोचून पंप मारत होती. भासऱ्यांसमोर पदर खोचल्याचे तिच्या तेव्हा ध्यानातही नव्हते. महादेवराव कासरा धरून उभे होते. गेले नाहीत, जवळही आले नाहीत.

सूर्य टेकला तेव्हा देवमनने गाडी सुरू केली. उजवे चाक एकदा गरगरले, त्याने मातीचा एक गोळा बाहेर भिरकावला, आणि मग धरले. गाडी कुरकुरत, पट्ट्यांचा आवाज करत चढ चढून वर सपाटीला गेली.

दुर्गाबाई मागून चढून आली. खिडकीतून हात घालून तिने चावी फिरवली. इंजिन बंद झाले.

"वयनी, हे काय केलं जी?" देवमन कळवळला. "बॅटरीत जीव नाई. आता हँडल मारत बसा."

तिने ऐकले नाही. चावी घेऊन ती पुन्हा खाली, बैलांपाशी गेली. डोक्यावर पदर घेतला आणि चावी बैलांच्या जुवावर ठेवली. दोन पावले मागे सरली.

"देवमन," तिचा आवाज थकलेला होता, "सांग त्यायले. गाडी फसली होती. कोनाच्या चुकीनं, ते इचारू नका म्हना."

देवमन वर गाडीपाशी होता, पण दोघांतले अंतर इतके थोडे होते की त्याने सांगायची गरजच नव्हती.

महादेवरावांनी जुवावरची चावी उचलली. चिखल लागलेली होती, ती धोतराच्या सोग्याला पुसली. बराच वेळ ते त्या दोन चाकोऱ्यांकडे बघत राहिले. जिथे गाडी फसली तिथून वर, दोन्ही कोंबड्या गावाकडे निघालेल्या होत्या. मग ते वर गेले आणि चावी गाडीच्या मडगार्डवर ठेवली.

"देवमन," ते म्हणाले, "सांग तिले. सकाळी गाडी किती वाजता निघते? घरी चार शेर दूध होते रोज. कॅन आमच्यापाशी नाई म्हना."

देवमनने तिच्याकडे पाहिले.

"पाच वाजता," दुर्गाबाई म्हणाली. देवमनला नाही, जमिनीकडे बघत, पण सरळ. "कॅन माह्यापाशी हाय."

भासऱ्यांनी मान हलवली. देवमन हँडल घेऊन गाडीपुढे गेला आणि पहिल्याच फेऱ्याला शिव्या घालू लागला. महादेवरावांनी खाली येऊन कासरा धरला आणि बैलांना हाक दिली. वाट गाडीने नांगरून टाकली होती तरी मधून चालता आले असते, पण त्यांनी जोडी बाजूच्या गवतातून काढली. एक बैल सवयीने कोंबडीच्या पावलांच्या चाकोरीत पाय टाकायला वळला, तेव्हा त्यांनी कासऱ्याने त्याला हळूच बाहेर ओढून घेतले.