परातीएवढं रान

मित्रांनो, मी एक जुना उंबर आहे, पण मला शोधायला मान वर करू नका. खाली वाका. पाटोद्याच्या एका कडेला त्रिंबक आणि चंद्रभागा यांचे पत्र्याचे घर आहे. त्यांच्या दारात सिमेंटची एक उथळ परात ठेवलेली दिसेल. तिच्यात आम्ही सात उंबर उभे आहोत. सगळ्यांत डावीकडचा, बाहेरच्या अंगाला कललेला, जेमतेम वीतभर उंचीचा, तो मी. आम्हा सातांचे मिळून एक रान आहे. मुंगी आमच्या सावलीतून जाते, तेव्हा आपण बालाघाटाच्या डोंगरातून चाललो आहोत, असेच तिला वाटत असेल.

माझा जन्म विहिरीत झाला. कुठल्याशा पाखराने पिकलेले उंबर खाल्ले आणि त्याचे बी विठ्ठलरावांच्या विहिरीत, चिऱ्यांच्या सांदीत पडले. तिथे ओल होती. मी रुजलो. माझे भाऊही असेच वेगवेगळ्या सांदींत रुजले होते. आमचे बालपण फार सुखाचे गेले. मला वर एक गोल आभाळ दिसे आणि खाली दुसरे. खालच्या आभाळात माझ्यासारखाच एक उंबर राहत होता. मी हललो की तोही हले. आपण कधीतरी त्याला भेटू, असे मला वाटायचे. दुपारी पारवे घुमायचे, आणि तो आवाज विहिरीत इतका वेळ फिरत राही की ऐकता ऐकता मला झोप लागे.

पण मित्रांनो, आमच्या मुळ्या चिरे ढिले करत होत्या. एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेले, तेव्हा विठ्ठलरावांनी विहीर साफ करायला घेतली. सटवा नावाचा गडी कमरेला दोर बांधून आत उतरला आणि आम्हाला एकेक करून उपटू लागला. वर काठावर आमचा ढीग पडला. ऊन असे होते की माझी पाने बघता बघता मलूल झाली.

काठावर त्रिंबक बसला होता. तो ऊस तोडायला जाणारा माणूस. दरवर्षी दिवाळी झाली की तो आणि चंद्रभागा टोळीबरोबर दूरच्या कारखान्याला जात. आदल्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढताना त्याच्या पायाखालची फळी सरकली. तो पाठीवर पडला. तेव्हापासून त्याला जड काही उचलता येत नव्हते. लोक काम करत, आणि तो कुठेतरी बसून ते बघत राही.

"मालक, ही रोपं नेऊ का?" त्याने विचारले.

"ने की," विठ्ठलराव म्हणाले. "पण कावून? उंबराला काय तोटा हाय?"

"बघतो लावून. पडून वाळण्यापरीस बरं."

त्याने आम्हाला ओल्या पोत्यात गुंडाळले आणि सावकाश पावले टाकत घरी नेले. चंद्रभागेने जुने डबे शोधून दिले. "जगली तर चांगलं होईल," ती म्हणाली. "मोठी झाली की बांधावर लावू. पाखरं तरी येतील." त्या दिवसापासून मीही तेच स्वप्न पाहू लागलो. मी बांधावर उभा आहे, माझ्या फांद्यांवर पाखरे आहेत आणि खाली गुरे बसली आहेत.

दिवाळी झाली. त्रिंबकच्या जागी चंद्रभागेने आपला भाऊ बंकट याला जोडीला घेतले आणि ती ऊस तोडायला गेली. घर एकदम रिकामे झाले. त्रिंबक दिवसभर आमच्याजवळ बसू लागला.

पाटोद्याच्या रस्त्यावर सुकन्याताईंची रोपवाटिका आहे. तिथे त्याने एका कुंडीत हातभर उंचीचा वड पाहिला. त्या वडाला पारंब्या होत्या. तो बराच वेळ तिथून हलला नाही. सुकन्याताईंनी त्याला बसवून घेतले आणि सगळे समजावून सांगितले. मुळ्या किती छाटायच्या, तार किती सैल गुंडाळायची, पाने कधी काढायची. मग त्या म्हणाल्या, "दादा, एक झाड तर कुणीही लावतं. तुमच्याकडं सात हायत, त्यांचं रान करा. पण रांगेत उभं करू नका. सगळ्यात उंच झाड मधोमध नको, जरा बाजूला लावा. कडेची झाडं बाहेर कलू द्या, उजेडाकडं. रानात ती तशीच असतात."

त्रिंबकने चंद्रभागेची भाकरीची परात पालथी घातली, तिच्यावर प्लास्टिक अंथरले आणि वरून सिमेंट थापले. असे आमचे घर तयार झाले. खाली पाणी जायला भोके, वर विटांचा चुरा, वाळू आणि कुजलेले शेणखत. माघ संपता संपता आमच्या शेंड्यांना नवे कोंब दिसू लागले, तेव्हा त्याने आम्हाला डब्यांतून काढले. माझ्या मुळ्या त्याने कात्रीने छाटल्या. दुखले का, असे विचाराल तर हो, दुखले. पण त्याचा हात फार हलका होता. आम्हाला लावून झाल्यावर तो मागे सरून बघे, पुन्हा जवळ येऊन एखाद्याला बोटभर सरकवी, पुन्हा मागे जाई. दुपार कलली तरी त्याला भुकेची आठवण नव्हती. मग त्याने फांद्यांना तार गुंडाळली आणि तो त्या रोज थोड्याथोड्या वळवू लागला.

मातीखाली आमच्या मुळ्या एकमेकींना शोधत गेल्या. काही दिवसांनी तर माझे मूळ कुठे संपते आणि भावाचे कुठे सुरू होते, हेच मला कळेनासे झाले. भावाला तहान लागली की मला ठाऊक होई.

पाडव्याच्या सुमारास चंद्रभागा परत आली. तिचे हात उसाच्या पाचटाने चिरले होते. तिने आधी आपली भाकरीची परात पाहिली. "हिला हे सिमेंट कशानं लागलं?" मग तिने आम्हाला पाहिले आणि ती उभीच राहिली.

"आवं, ह्यास्नी बांधलंय कावून?"

"वळण लावायलोय."

"उंबर हाय तो. देवाचं झाड. त्याला कात्री लावली तुमी? बांधावर लावायचं ठरलं व्हतं आपलं." तिचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "मी तिकडं म्हणायची, आता एवढे झाले असतील, आता तेवढे. आन् हितं बघते तर वीतभर."

दुसऱ्या दिवशी त्रिंबक बाजारात गेला असताना ती आमच्यासमोर बसली आणि तिने एकेक तार उलगडून काढली. तिला वाटले, फांद्या आता मोकळ्या होऊन सरळ होतील. पण आम्ही जसे होतो तसेच राहिलो. वळण आमच्या अंगात मुरले होते.

त्रिंबक आला. त्याने तारांचा गुंडाळा पाहिला आणि तो उंबऱ्यावर बसला.

"मी एकदमच मोडलो, चंद्रभागा," तो म्हणाला. "फळी सरकली आन् झालं. ह्यास्नी मी हळूहळू वळवतो, म्हंजी मोडत न्हाईत. दुसरं काय वाकवायला येतंय मला आता?"

 संध्याकाळी तिने भांडी विसळलेले पाणी गाळून आमच्या मुळांशी घातले.

पुढच्या दिवाळीनंतर त्रिंबक म्हणाला, "मी बी येतो. भाकरी करीन, कोपी राखीन." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची बांबूची आणि पाचटाची झोपडी. आणि मित्रांनो, त्याने आम्हालाही बरोबर घेतले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी, कोंबड्या, पोरेबाळे आणि मधे त्रिंबकच्या मांडीवर आमचे रान. आमचे डोंगर हळूहळू निळे झाले आणि मग दिसेनासे झाले. मी कधी वाऱ्यात असा डोललो नव्हतो.

तिकडे सगळीकडे उसाचे फड. आम्ही कोपीच्या तोंडाशी राहत होतो. दिवस मावळला की चूल पेटे, आणि आमची सावली कोपीच्या पाचटावर पडे. ती सावली केवढी मोठी, म्हणून सांगू. तिच्यात मी खरोखरीचा उंबर असे. माझा बुंधा दोन माणसांच्या कवेत मावला नसता. मी रोज त्या वेळेची वाट पाहायचो.

शेजारच्या कोपीत धारूरकडची बायनाबाई होती. तिचे तान्हे लेकरू होते. ती थकून आली की लेकराला मांडीवर घेऊन आमच्यासमोर बसे.

"हे आमच्या डोंगरातलंच रान हाय बघ," ती चंद्रभागेला म्हणायची. मग दोन झाडांमधल्या फटीवर बोट ठेवायची. "इथनं वाट जाती. त्या तिथं वळली की आमचं घर."

हळूहळू इतर बायाही येऊन बसू लागल्या.  सगळ्या नुसत्या बघत बसत.

एका दुपारी सगळे फडात गेले होते. कोपीवर त्रिंबक होता, आणि बायनाबाईचे लेकरू झोळीत झोपले होते. पलीकडच्या तोडलेल्या शेतात कुणीतरी पाचट पेटवले. वारा फिरला. आधी धूर आला, मग तडतड आवाज आला, आणि बांधावरून आग आमच्याकडे धावत सुटली.

त्रिंबक आमच्या अगदी जवळ उभा होता. हात पुढे केला असता तर परात त्याच्या हातात आली असती. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले. मग तो आम्हाला ओलांडून शेजारच्या कोपीत शिरला. ज्याला पाण्याची घागर उचलत नव्हती, त्या माणसाने वाकून लेकराला उचलले, छातीशी धरले आणि तो पाण्याच्या पाटाकडे पळाला. मित्रांनो, त्याने बरोबर केले. आम्हा सातांपैकी एकालाही त्याचा राग आला नाही.

आग आमच्यावरून गेली. मला एवढेच आठवते की माझी पाने एका श्वासात गेली. नंतर खूप वेळ काही नव्हते, फक्त राखेचा वास.

बाया फडातून धावत आल्या. त्रिंबक पाटात गुडघाभर पाण्यात उभा होता आणि लेकरू त्याच्या खांद्यावर रडत होते. बायनाबाईने लेकराला घेतले, आणि ती तिथेच काठावर बसली. तीन कोप्या जळाल्या होत्या. माणूस एकही दगावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नव्या कोप्या उभ्या राहिल्या. त्रिंबकची पाठ पुन्हा धरली होती. तो आमच्याकडे पाठ करून पडला होता.

"दाजी, द्या आता टाकून," बंकट म्हणाला. "कोळसा झालाय त्याचा."

तो परात उचलायला वाकला, तेवढ्यात चंद्रभागेने त्याचा हात धरला. "थांब जरा." ती आमच्यासमोर बसली. तिने अंगठ्याचे नख माझ्या काळ्या सालीला लावले आणि अलगद खरवडले.

आत हिरवे होते.

"आवं," ती म्हणाली, "हिकडं तोंड करा. हे बघा."

तिने एकेकाला नख लावले. सहा जण हिरवे निघाले. माझ्या शेजारचा भाऊ मात्र आतपर्यंत तपकिरी होता. तिने त्याला दोनदा, तीनदा, खाली बुडाशीही खरवडून पाहिले. मग ती उठून कात्री घेऊन आली.

"कुठं कापू?"

"जिथं हिरवं लागंल, त्याच्या जरा वर," त्रिंबक म्हणाला.

तिने कात्री फांदीला लावली आणि परत मागे घेतली. त्रिंबक कोपरावर टेकून बघत होता. "दिसभर ऊस तोडतीस," तो म्हणाला, "आन् काडीला भितीस?"

"ऊस तोडला की गाडीत जातो. ह्याच्यासंगं मला ऱ्हायचं हाय."

तिने माझी जळकी फांदी कापली. तिचाही हात हलकाच होता.

त्यानंतर रोज फडावरून आल्यावर ती आम्हाला पाणी घाली. बायनाबाई आपल्या घागरीतले तांब्याभर पाणी आणून तिच्या हातात देई. बरेच दिवस काहीच झाले नाही. मला नुसती स्वप्ने पडत. विहीर, पारवे, हलणारे आभाळ. मग एका सकाळी माझ्या बुंध्याला काहीतरी टोचले. तो लाल कोंब होता.

त्याला आता बरीच वर्षे झाली. वाळलेल्या भावाला चंद्रभागेने काढू दिले नाही. "रानात वाळकं खोड असतंच," ती म्हणाली. तो आमच्यात तसाच उभा आहे आणि त्याच्या सालीत मुंग्यांनी घर केले आहे. चंद्रभागा आता ऊस तोडायला जात नाही. ती आणि त्रिंबक सुकन्याताईंच्या रोपवाटिकेत काम करतात, आणि छाटणीवरून त्यांचे रोज थोडे भांडण होते. बायनाबाईचे लेकरू शाळेत जाऊ लागले आहे. मागच्या जत्रेला ते आईबरोबर आले होते. त्याने आम्हाला हात लावला नाही. ते पालथे पडून, हनुवटी जमिनीला टेकवून, कितीतरी वेळ आमच्या आत बघत राहिले.

मित्रांनो, मी बांधावरचा मोठा उंबर झालो नाही. गुरे माझ्याखाली बसली नाहीत. त्याचे मला आता वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच सांगायचे आहे. झाड असो नाहीतर माणूस, वरून काळे पडलेले दिसले म्हणून लगेच टाकून देऊ नका. आधी जवळ बसा. अलगद नख लावून बघा. आत हिरवे असेल, तर थोडे पाणी घाला आणि थांबा. आम्हाला कोंब फुटायला वेळ लागतो.