लुगड्याचा आडोसा

वन्संनी पिशवीतून लुगडं काढलं आणि सुलक्षणापुढे उलगडून धरलं.

लुगडं ओळखीचंच होतं. सासूबाईंचं, म्हणजे वन्संच्या आईचं. हिरवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. पण आज त्याच्या एका काठाला नेफा शिवलेला होता, नेफ्यात जाड दोरी ओवली होती आणि आतल्या अंगाला चक्क खिसे होते.

"हय बघ," वन्सं म्हणाल्या. "ही दोरी त्या बांबूक बांधायची. दुसरा टोक मी धरतंय. म्हणजे माझो एक हात मोकळो. ह्या खिशात टॉवेल, ह्या खिशात सुके कपडे. तुका काय मागूक नको."

"कधी शिवलंत हे?"

"ह्याच आठवड्यात. गिऱ्हायकांचे फॉल ऱ्हवले. ऱ्हवांदेत."

सुलक्षणा "छान झालंय" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिच्या सलवार-कमीजच्या आत गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी होती आणि कंपनीचा टी-शर्ट होता. तसंच पोहायचं, तसंच सायकलवर बसायचं आणि तसंच पळायचं. आज ती कपडे बदलणारच नव्हती.

हे वन्संना सांगायला हवं होतं. मरोळहून जुहूपर्यंत सायकल हाणताना तिने तीनदा मनात वाक्यं जुळवली होती. वन्सं पहिल्या बसने येऊन नारळाखाली बसलेल्या दिसल्या, तेव्हाही वाक्य तोंडाशी होतं. नेमके तेव्हाच खिसे निघाले.

या शर्यतीला क्लबातली मंडळी ट्रायथलॉन म्हणत. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग वाळूतून धावायचं, आणि हे सगळं एका दमात. असला खुळेपणा मुंबईत तेव्हा मूठभर लोकांनाच सुचला होता. दिवाळी झाली की शर्यती सुरू व्हायच्या आणि उन्हं तापायला लागली की मोसम संपायचा. बायका तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात मरोळच्या औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरणारी, वेंगुर्ल्याच्या खाडीत पोहायला शिकलेली, दोन मुलांची आई अशी सुलक्षणा एकटीच.

नवऱ्याने, जयवंतने, पहिल्याच दिवशी हात झटकले होते. "बाईमाणसाने चारचौघांत ओल्या कपड्यांनी फिरायचं? वाट लागली म्हणजे घराची." तेव्हा शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता वन्संच बोलल्या होत्या, "मी जातंय तिच्या सोबतीक. मग तर झाला?" नवरा गेल्यावर धाकट्या भावाच्या दारात परत आलेली ही बहीण. त्या घरात तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हेच, त्यामुळे जयवंतला नाही म्हणता येईना.

आणि मग बायकांना कपडे बदलायला क्लबाने जागा केलेली नाही हे कळल्यावर वन्संनीच पिशवीत लुगडं टाकलं. सुलक्षणा पाण्यातून आली की वन्सं तिच्याभोवती ते धरायच्या, तोंड समुद्राकडे करून आणि खांदे ताठ ठेवून. एखाद्या रिकामटेकड्याने वळून पाहिलं तर अशी नजर लावायच्या की तो भेळवाल्याकडे काम निघाल्यासारखा चालू पडे. शर्यत संपली की दोघी लुगड्याची दोन-दोन टोकं धरून वाळू झटकायच्या, घडी घालत एकमेकींकडे यायच्या, टोकांना टोकं जुळायची आणि वन्सं म्हणायच्या, "चल, आता शहाळा पिऊया." त्या रविवारांसाठी वन्सं आठवडाभर खूश असायच्या.

पण आडोशात वेळ जायचा. पोहायचा निळा पोशाख ओला होऊन अंगाला चिकटायचा, बाह्या उलट्या व्हायच्या. प्रत्येक शर्यतीत सुलक्षणा पाण्यातून तिसरी बाहेर यायची आणि लुगड्यातून चौथी. मागच्या खेपेला पहिली आलेली अनुपमा, जुहू स्कीममधल्या बंगल्यातली कॉलेजची पोरगी, तिला म्हणाली होती, "अगं, आतच शॉर्ट्स घालून पोह ना. बदलायचं कशाला? तुझा सगळा टाइम त्या साडीत जातो यार."

पोरगी चांगल्या मनानेच बोलली. पण शेजारच्या दोघी हसल्या, आणि ते हसू सुलक्षणाला बोचलं. वन्संनी विचारलं होतं, "ती चेडवां कित्याक हसतत गो?" सुलक्षणाने सांगितलं, "असंच." त्याच दिवशी कुणा फोटोवाल्याने आडोशाचा फोटो काढला आणि तो एका साप्ताहिकात छापून आला. खालचा इंग्रजी मजकूर चेष्टेचा होता. कारखान्यात सुपरवायझरने तो सगळ्यांना वाचून दाखवला. वन्संना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ते पान कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. लुगड्याखाली पावलं दिसत होती ती आपली, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

आजची मोसमातली शेवटची शर्यत. गुणांच्या हिशेबात आज तिसरी आली तर मोसमातही ती तिसरी, आणि पहिल्या तिघींना क्लब गोव्याच्या शर्यतीला नेणार होता. चौथीला टाळ्या. जयवंतने बजावलं होतं, यंदा काय ते कर, पुढच्या वर्षी हे खूळ नको. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

"तू जा गो," वन्सं म्हणाल्या. "उशीर जाता. मी हय उभी आसंय."

सुलक्षणा गेली. जाताना तिने सायकल रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला, वन्संच्या पाठीमागे लावली आणि वरची सलवार-कमीज तिथेच काढून ठेवली. तिथे जागा मोकळी आहे असं तिने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

पाणी त्या दिवशी गढूळ होतं पण शांत होतं. ती जिवाच्या आकांताने पोहली. किनाऱ्याला पाय टेकले तेव्हा पुढे दोघीच होत्या, आणि मागे चौथीचे हात पाण्यावर आपटताना ऐकू येत होते. आजूबाजूला पुरुषांचा घोळका धापा टाकत वर चालला होता. त्या घोळक्यातून तिने पाहिलं. वन्सं लुगडं पसरून उभ्या होत्या. दोरी बांबूला बांधलेली, एक हात उंच, दुसरा हात टॉवेलच्या खिशावर. डोळे लाटांवर लावून त्या नेहमीचा निळा पोशाख शोधत होत्या.

एक हाक मारायची होती. "वन्सं, मी चालले," एवढंच. पण हाक मारली तर त्या वळणार, काय झालं विचारणार, चार पावलं येणार. सुलक्षणा घोळक्याच्या आडून, मान खाली घालून, त्यांच्या पाठीमागून सायकलीकडे पळाली.

सायकलवर ती उडत होती. जुहू तारा रोड, वळसा, पुन्हा तारा रोड. ओले कपडे वाऱ्याने गार लागत होते आणि मोसमात पहिल्यांदाच ती तिसरी होती. वन्संना कळलं असेल, ती मनात म्हणत होती. कुणीतरी सांगितलं असेल. सायकल जागेवर नाही हे दिसलं असेल.

परत येऊन तिने सायकल ठेवली. बांबूला दोरीचा तुकडा तेवढा लटकत होता. वन्सं तिथे नव्हत्या.

ती वर्सोव्याच्या दिशेने धावायला लागली आणि थोड्याच अंतरावर तिला त्या दिसल्या. समुद्रात. कमरेइतक्या पाण्यात, खांद्यावर लुगड्याचा बोळा, साडी भिजून फुगलेली. वन्संना पोहता येत नव्हतं. इतक्या रविवारांत त्यांनी पावलं भिजतील इतक्याही पाण्यात पाय घातला नव्हता. शेजारी एक म्हातारा कोळी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढत होता आणि त्या त्याला होडी काढायला सांगत होत्या. वाऱ्यावरून आवाज येत होता. "सुलेऽऽ! सुलेऽऽ!"

सुलक्षणाचे पाय अडखळले. मागून वाळूवर पावलं वाजत होती, चौथीची, अगदी जवळ आलेली.

कोळ्याने तिला पाहिलं असावं. त्याने किनाऱ्याकडे बोट केलं आणि वन्सं वळल्या.

सुलक्षणाने हात वर केला. मी ठीक आहे, हे बघा, मी इथे आहे. हात वर करूनच ती पळत राहिली. वन्संनी हात केला नाही. नुसत्या बघत राहिल्या, तिच्या काळ्या चड्डीकडे, टी-शर्टाकडे, पळणाऱ्या पायांकडे. मग सुलक्षणाला मान वळवून बघणं शक्य नव्हतं, किंवा तिने ते शक्य नाही असं ठरवलं.

ती तिसरी आली. वर्सोव्याच्या टोकाला मांडव होता, तिथे लगेच बक्षिसं झाली. अनुपमाने तिला मिठी मारली, "झकास, सुलक्षणा," म्हणाली. गळ्यात हार पडला, हातात छोटा कप आला. मोसमभर ज्या क्षणाची तिने वाट पाहिली तो हाच, आणि तो कधी एकदा संपतो असं तिला झालं होतं.

कप घेऊन ती वाळूतून परत चालत आली तेव्हा ऊन चढलं होतं. अंगावरचे कपडे केव्हाच वाळून मिठाने कडक झाले होते. वन्सं नारळाखाली उभ्या होत्या. कमरेपासून खाली साडी अजून ओलीच.

"तिसरी इलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरा झाला."

"वन्सं, मी सांगणार होते. खरंच सकाळी सांगणार होते..."

"वायच थांब." त्यांनी खांद्यावरचं लुगडं उलगडलं. "कपडे बदल. खाऱ्या पाण्याचा आंग खाजवता."

सुलक्षणा आत शिरली. वन्संनी दोन्ही हातांनी लुगडं धरलं, तोंड समुद्राकडे करून. लुगड्याचा खालचा भाग ओला होता, वरचे खिसे मात्र कोरडे होते. एकात टॉवेल, एकात घरून आणलेली दुसरी सलवार-कमीज, आणि तिसऱ्यात, ज्याबद्दल त्या सकाळी बोलल्या नव्हत्या, कागदात बांधलेल्या आल्याच्या वड्या. सुलक्षणाने कपडे काढले, कपडे घातले. आज घाई नव्हती. आतून तिला लुगड्याच्या काठावर वन्संची बोटं दिसत होती, मिठाने पांढुरकी पडलेली. तिला रडू आलं, आणि ते आवाज न करता रडावं लागलं.

"झाला?"

"झालं."

ती बाहेर आली आणि सवयीने लुगड्याच्या दोन टोकांसाठी हात पुढे केले.

वन्संनी टोकं दिली नाहीत. "ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "माका जमता."

त्यांनी लुगड्याचा काठ हनुवटीखाली धरला, हात लांबवले आणि एकटीनेच घडी घालायला सुरुवात केली. ओलं लुगडं जड होतं, पुन्हा पुन्हा वाळूत पडत होतं. वन्सं ते उचलत होत्या, झटकत होत्या, पुन्हा हनुवटीखाली धरत होत्या. सुलक्षणा कप हातात घेऊन समोर उभी होती.