शेजारचा मका

माझ्या पुतणीने दवाखान्यातली नोकरी सोडली आणि कालव्याकाठची जमीन खंडाने घेतली. नव्याने शेती करणाऱ्यांसाठी सरकारची योजना होती. योजनेच्या साहेबांनी रान पाहून मंजुरी दिली की कालव्याचं पाणी मिळणार होतं. विहीर नव्हती. पाणी मिळालं तर वाफ्यातली कांद्याची रोपं रानात जाणार, नाहीतर वाफ्यातच वाळणार.

साहेब आले आणि बूट खराब होतील म्हणून बांधावरच थांबले.

"पीक कुठाय?"

"गाडलंय," पुतणी म्हणाली. "कमरेएवढा ताग होता. फुलावर आला की खतासाठी गाडायचा, असं तुमच्याच पुस्तिकेत आहे."

"ती पुस्तिका दुसऱ्या विभागाची. आम्हाला उभं पीक लागतं."

"तुम्ही मागच्या महिन्यात येणार होतात. तेव्हा उभंच होतं."

"मागच्या महिन्यात गाडी नव्हती हो, ताई."

"गाडी नव्हती म्हणून ताग थांबत नाही, साहेब. त्याच्या नुसत्या काड्या होतात. मग त्या कुजायच्या कधी?"

साहेबांनी घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचीच मला जास्त चीड येत होती. त्यांनी शेजारच्या हिरव्यागार मक्याकडे बोट केलं.

"असं करा, त्या मक्यात उभ्या राहा. फोटो काढतो. मालकांची काही हरकत नसते. या हंगामात तिघांचे काढलेत."

"तिघं कोण?"

उत्तर दिलं साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या ड्रायव्हरने. "एक तर मालकांचे जावईच. शहरात गाड्यांचं दुकान आहे. मक्याचं कणीस झाडाला लागतं की मुळाला, विचारून बघा त्यांना."

"तू गाडीत बस," साहेब म्हणाले.

माझी कानशिलं तापली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण साहेबलोकांपुढे माझा आवाज फुटत नाही. वाफ्यातल्या रोपांचे शेंडे पिवळे पडले होते. जावं तिने मक्यात, असं मला मनातून वाटलं, आणि मग मला माझाही राग आला.

पुतणीने मक्याकडे पाठ केली.

"नाही," ती म्हणाली. "फोटो माझ्या रानात काढा."

ती ढेकळांत जाऊन उभी राहिली. साहेबांनी फोटो काढला आणि लिहिता लिहिता शेरा मोठ्याने वाचून दाखवला: पीक आढळले नाही, अर्जदार शेतकरी नाही.

पुतणीने ऐकून घेतलं. मग बादली उचलली, त्यांच्यासमोरून कालव्यावर गेली आणि ती पाण्यात बुडवली.

"अहो ताई, परवानगीशिवाय पाणी घेणं गुन्हा आहे. मला लिहावं लागेल."

"लिहा ना. पण कुणी घेतलं म्हणून लिहाल? इथे तर शेतकरीच नाही."

"उगाच शब्दात पकडू नका. दंड होईल."

"होऊ दे. कांदा लागला की त्याचाही फोटो काढायला या. गाडी मिळाली तर."

ड्रायव्हरने मान वळवून हसू लपवलं. पुतणी भरली बादली सावरत वाफ्याकडे निघाली, निम्मं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं. अख्खं रान असं भिजणार नाही, हे तिलाही कळत होतं. वाफ्यातल्या चार ओळी भिजतील, फार तर पाच.

मी दुसरी बादली उचलली.

"आजोबा, निदान तुम्ही तरी," साहेब म्हणाले.

"माझंही नाव लिहा," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण निघाला.