अक्षरबदल कोणाचा

किन्हवलीच्या मनस्वीने जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम एकटीने खपून लिहिला आणि त्याला ‘अक्षरबदल’ नाव दिलं. जगातल्या सगळ्या प्रोग्रामरांनी आपला कोड एकाच मोठ्या साइटवर ठेवावा, हे तिला पटत नव्हतं. तिने तो स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर ठेवला आणि कोणीही फुकट वापरा, असं लिहिलं. तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

मुरबाडचा रितेश तिच्या कॉलेजातला. त्याने तो प्रोग्राम उचलून मोठ्या साइटवर आपल्या खात्यात टाकला. मनस्वीचं नाव खाली कुठेतरी बारीक अक्षरात होतं. वर्षभरात हजारो लोकांनी त्या प्रोग्रामला पसंतीचे स्टार दिले.

ठाण्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला मनस्वीने अक्षरबदल दाखवला.

“हा तर रितेशचा,” मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या. “तुमचं तर त्या साइटवर खातंही नाही.”

मनस्वीने बाहेर येऊन रितेशला फोन लावला.

“मी चोरला नाय गो,” तो म्हणाला. “तुला कितीदा सांगितलं, तिथे टाक. लोक दुसरीकडे बघतच नाय.”

तो खरं बोलत होता, याचाच तिला जास्त राग आला.

शेवटी तिनेही त्या साइटवर खातं उघडलं. अक्षरबदलमध्ये रफाराची एक चूक राहून गेली होती. ती दुरुस्त करून तिने रितेशच्या मंजुरीसाठी पाठवली; खातं त्याचं, म्हणून बदल त्यानेच स्वीकारायचा. लगेच साइटचा आपोआप येणारा संदेश आला: “अक्षरबदलमध्ये तुमचं हे पहिलंच योगदान! स्वागत आहे.”

मनस्वी मंजुरीची वाट बघत बसली.