मायकलकाकांची उरलेली तारीख

अकरा वर्षं चाललेला दावा त्या दिवशी मी जिंकत होते आणि माझ्याच पक्षकाराने माझ्या तोंडचा घास काढून घेतला. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

वसईजवळच्या गिरीज गावातल्या मायकलकाकांच्या केळीच्या वाडीतून शेजारच्या ग्रेसीबाईंच्या घराकडे एक पायवाट जाते. वाट माझी, ती बंद करायची, असा काकांचा दावा. ग्रेसीबाईंना रस्त्यावर यायला दुसरी वाट नाही. निकाल लागेपर्यंत वाट आहे तशी ठेवा, कोणी हात लावू नका, असा हुकूम कोर्टाने सुरुवातीलाच दिला होता. काकांनी तो इतक्या निष्ठेने पाळला की अकरा पावसाळ्यांचं शेवाळही कधी खरवडलं नाही.

त्या दिवशी वसई कोर्टात ग्रेसीबाईंची साक्ष होती. बाई आल्याच नाहीत. त्यांचे वकील डेरिक यांनी ‘प्रकृती ठीक नाही’ एवढ्या एका ओळीचा मुदत अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचा कागद नाही. न्यायाधीश साहेबांनी रोजनामा, म्हणजे दाव्यातल्या तारखांची नोंद, चाळली. प्रत्येक पक्षाला तीनच तारखा वाढवून मिळतात, आणि बाईंच्या तिन्ही संपलेल्या. एक लेकीच्या लग्नात, दोन खुद्द वकिलांच्या गैरहजेरीत. आज साक्ष झाली नाही तर बाईंचा पुरावा बंद, साहेब म्हणाले. म्हणजे वाट आमची! मी तर मनातल्या मनात पेढे वाटले.

तेवढ्यात मागून कोणी तरी माझा कोट ओढला. काका होते. आपल्या किती तारखा वापरून झाल्या, त्यांनी हळूच विचारलं. दोन, मी म्हटलं, आणि गप्प बसायला सांगितलं. गप्प बसणारा माणूस अकरा वर्षं भांडतो का? ते सरळ उभेच राहिले.

“साहेब, माझी एक तारीख उरलीय. ती ग्रेसीला द्या.”

कोर्टात खसखस पिकली. आपली तारीख अशी दुसऱ्याला देता येत नाही, साहेबांनी समजावलं. हवी तर स्वतःच्या नावाने मागा, पण कारण सांगा. कागदपत्रं शोधायची आहेत म्हणा, मी कुजबुजले. मी वाडीतला घड चोरताना सापडावी तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“परवा ती त्या वाटेवर घसरली. खुबा मोडला. मीच दवाखान्यात नेली,” ते म्हणाले. “शेवाळ मी काढलं नाही, साहेब. हुकूम होता, पण घसरली तर बरी अद्दल घडेल, असंही मनात यायचं.”

हातातला दावा सोडून देणारा मुदत अर्ज मीच लिहिला. राग होताच, पण खोटं कशाला बोलू, म्हातारा त्या क्षणी मला फार आवडला.

साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली, शेवाळ खरवडायची परवानगीही दिली. मात्र पुढच्या तारखेला बाई हजर हव्यात, ते म्हणाले. असा खुबा घेऊन त्यांना कोर्टात आणणार कोण, मी विचारलं.

“मीच की,” काका म्हणाले. “दर तारखेला माझ्याच स्कूटरवर तर येते. या खेपेला रिक्षा करू.”